नवऱ्याचं पांढरं कार्ड

मी सिकलसेलची पेशंट आहे, लाल कार्डवाली. तळोदा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मी विज्ञान शिकवते. नवरा तळोदा ते धडगाव जीप चालवतो आणि आम्हाला दहा महिन्यांची एक मुलगी आहे. हे लिहायला मला आमच्या वसतिगृहातल्या मुलींनी भाग पाडलं. संध्याकाळी खोलीवर येतात, दाराशी घुटमळतात आणि हळूच विचारतात, मॅडम, लाल कार्ड असलं की लग्न होत नाही का? मूल होत नाही का? मी त्यांना जे उत्तर देते ते पुस्तकातलं असतं. माझ्या घरी काय झालं ते वर्गात उभं राहून सांगता येत नाही, म्हणून इथे सांगते.

आधीच सांगून ठेवते, मी काही गोड बोलणारी बाई नाही. शाळेत मला मागून काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. शिवाय मला काळजी करायची खोड आहे. दाराला कुलूप लावून चार पावलं गेले की परत येऊन कुलूप ओढून बघते. इतकी बघून-सवरून वागणारी बाई एका ठिकाणी मात्र बघायची राहिली, त्याची ही हकिकत आहे. आम्ही घरात भिलीत बोलतो, पण इथे ते बोलणं मराठीत करून लिहिलं आहे.

नाटक

लहानपणी मी घरातली आळशी मुलगी होते. सगळे तसंच म्हणायचे. गुडघे दुखायचे, पाठ दुखायची, थंडीत तर हाडं आतून कोणी पिळतंय असं वाटायचं. आश्रमशाळेत सकाळी मैदानावर पळायला लावायचे. मी दोन फेऱ्यांत खाली बसायचे, की अधीक्षिका ओरडायच्या, हिचं नाटक सुरू झालं. डोळे पिवळे दिसायचे म्हणून घरी बडव्याला बोलावलं. बडवा म्हणजे आमच्यातला जाणता, झाडपाला देणारा आणि नजर उतरवणारा. त्याने दाणे टाकून पाहिलं आणि कोणाची तरी नजर आहे म्हणाला. आमच्या शेजारच्या विधवा म्हातारीकडे माझी याहा, म्हणजे आई, त्यानंतर दोन वर्षं नीट बघतही नव्हती. त्या म्हातारीचं मला आजही वाईट वाटतं.

आठवीत असताना शाळेत रक्त तपासायला माणसं आली. बोटाला टोचून थेंब घ्यायचे आणि काचेच्या नळीत टाकायचे. नळीतलं पाणी स्वच्छ राहिलं तर पोरगी बाजूला, गढूळ झालं तर पोरगी बाकावर. माझी नळी इतकी गढूळ झाली की मागच्या कागदावरच्या रेघा दिसेनात. बाकावर आम्ही नऊ जणी होतो. कोणी काही सांगितलं नाही, फक्त बसा म्हणाले. शेजारची पोरगी रडायला लागली, म्हणून मीही रडले. कशासाठी रडतोय ते दोघींना माहीत नव्हतं.

मग पक्की तपासणी झाली, आईवडिलांना बोलावणं गेलं. दोघं डोंगरातून दोन जीपा बदलून आले. त्यांचंही रक्त घेतलं. काही दिवसांनी तिघांची कार्डं एकदम हातात पडली. माझं लाल, त्या दोघांची पिवळी. लाल म्हणजे आजार. पिवळं म्हणजे वाहक, स्वतःला त्रास नाही पण मुलांकडे जाऊ शकतो.

बापाने कार्ड उलटसुलट केलं आणि आईला म्हणाला, "हे तुझ्या माहेरचं आहे."

आई पदर तोंडात धरून उभी राहिली. डॉक्टर तरुण होते. त्यांनी बापाला बसवलं आणि म्हणाले, "काका, मक्याचं बी पेरता ना? तसे प्रत्येकाकडे दोन दाणे असतात. एक आईने दिलेला, एक बापाने दिलेला. तुमच्याकडे एक चांगला, एक किडका. यांच्याकडेही तसंच. एक चांगला असला की माणूस धडधाकट राहतो. या पोरीच्या वाट्याला दोघांचेही किडकेच आले."

"मग मोठा पोरगा कसा ठणठणीत आहे?" बाप हटेना. "तोही माझाच आहे."

"त्याने त्याचे दाणे घेतले, हिने हिचे. एका पोराचं पाहून दुसऱ्याचं सांगता येत नाही."

हे वाक्य मी तेराव्या वर्षी ऐकलं. पुढे बी.एस्सी. केलं, बी.एड. केलं, दरवर्षी नववीच्या वर्गात फळ्यावर चार घरांचा चौकोन काढून हेच शिकवते. तरी मला फसायला काही अडचण आली नाही.

परतीच्या जीपमध्ये बाप खिडकीकडे तोंड करून बसला. आईने माझं डोकं मांडीवर घेतलं आणि एकदाच म्हणाली, "तू खोटं बोलत नव्हतीस." एवढ्यावरच मला इतकं रडू आलं की पुढच्या सीटवरचा माणूस मागे वळून बघायला लागला.

वॉर्डातले दिवस

हा आजार येऊन बसत नाही, येत-जात राहतो. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि जिथे अडकतील तिथे दुखतं. पाणी कमी प्यायलं, थंडी लागली, ताप आला, की झालं सुरू. कॉलेजात असताना वर्षातून दोन-तीनदा भरती व्हायचे. वॉर्डातलं सगळं पाठ झालं होतं. सकाळी फिनेलचा वास, मग डॉक्टरांची फेरी, मग सलाइन, मग कोणाचा तरी डबा येतो आणि सगळ्या वॉर्डात वाटला जातो. माझी शीर सापडायची नाही. शिकाऊ मुलगी टोचून टोचून हैराण व्हायची आणि माझ्याआधी तिलाच घाम फुटायचा.

तिथे रनाळ्याच्या एक सिस्टर होत्या. हात मोठे, आवाज त्याहून मोठा. त्या आल्या की शीर पहिल्या फटक्यात सापडायची. त्यांची अहिराणी मला आधी अर्धीच कळायची. मी कण्हायला लागले की म्हणायच्या, "रड, पोरी. दुखस ना? मंग रड. आठे कोणी काही म्हनाव नई." दुखतंय तर रड, इथे कोणी काही म्हणणार नाही. मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून गुडघ्याला लावायची युक्ती त्यांचीच. ती मी आजही करते.

वेदना कशी असते असं मुली विचारतात. मला नीट सांगता येत नाही. एवढंच सांगते की दहापैकी किती दुखतंय असं डॉक्टरांनी विचारलं तर खरा आकडा सांगा. मी वर्षानुवर्षं कमी सांगितला, नाटक म्हणतील म्हणून.

नंतर रोजच्या गोळीने भरती होणं कमी झालं. नोकरी लागली. तेव्हा मी तळोद्यात राहायचे आणि तिथून शाळेच्या फाट्यापर्यंत ज्या जीपने जायचे ती जयसिंग चालवायचा. टपावर माणसं, मागे लोंबकळणारी माणसं, आणि हा मला पुढची सीट राखून ठेवायचा. एकदा मी पाण्याची बाटली विसरले तर घाटाच्या तोंडाशी गाडी थांबवून, वीस माणसं खोळंबवून हातपंपावरून बाटली भरून आणली. मी लोकांसमोर त्याला झापलं. तो हसत होता. असं सुरू झालं.

आधी कार्ड

मी त्याला पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं की माझं लाल कार्ड आहे. लग्न करायचं तर पांढऱ्या कार्डवाल्याशीच करणार. नवऱ्याचे दोन्ही दाणे चांगले असतील तर माझी मुलं फक्त वाहक होतील, आजारी एकही होणार नाही. पिवळ्या कार्डवाल्याशी केलं तर दर खेपेला अर्धी भीती. मी हे त्याला जीपच्या बॉनेटवरच्या धुळीत बोटाने चौकोन काढून समजावलं होतं.

"माझं पांढरं आहे," तो म्हणाला. बॉनेटकडे बघत म्हणाला, ते मला नंतर आठवलं.

आमच्यात लग्न ठरवायला दोन्हीकडची म्हातारी माणसं बसतात. मोहाची दारू येते, आधी जमिनीवर थेंब सांडतात, मग बोलणी. त्या बैठकीत मुलीने तोंड उघडायचं नसतं असं काही नाही, आमच्याकडे बायका बोलतात. पण कार्ड मागणारी मी पहिलीच असेन.

"सगळं ठरवा," मी म्हटलं, "पण आधी कार्ड दाखवा."

सगळे हसले. माझा मामा म्हणाला, "मास्तरीण आहे, हजेरी घेतेय." जयसिंगचे वडील उठले, घोंगडीखालची पत्र्याची पेटी उघडली आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेलं कार्ड माझ्या हातात दिलं. नाव जयसिंग. गाव तेच. रंग पांढरा. मी उजेडात नेऊन दोनदा वाचलं. शिक्का होता, सही होती. मी कार्ड परत केलं आणि म्हातारे पुन्हा बोलायला बसले.

मला त्या दिवशी किती हलकं वाटलं होतं ते लिहायची लाज वाटते. लग्नात मी नाचले, दुसऱ्या दिवशी पाय दुखले तरी मला काही वाटलं नाही.

दोन्ही हातांची बोटं

लग्नाला दीड वर्ष झाल्यावर दिवस राहिले. सिकलसेलची रोजची गोळी पोटातल्या बाळाला चालत नाही, म्हणून डॉक्टरांना विचारून ती आधीच थांबवली होती. त्यांनी सांगितलं होतं, तुमच्यासाठी हे बाळंतपण जोखमीचं आहे, रक्त चढवावं लागेल, सतत यावं लागेल. मी वही केली. पाणी किती प्यायले, ताप किती, कुठे दुखलं, सगळं त्यात. पण ती भीती माझ्या स्वतःच्या जिवाची होती आणि तिची मला सवय होती. बाळाबद्दल मी बिनघोर होते.

चौथ्या महिन्यात सासरी गेले होते, वर डोंगरात. दुपारी अंगणात आशाताई फॉर्म भरायला आल्या, नवीनच होत्या. सासू मक्याची कणसं सोलत होती. मगन, म्हणजे माझा दीर, जयसिंगहून दोन वर्षांनी लहान, तो खाटेवर पडून मोबाइल बघत होता.

"नवऱ्याची सिकलसेल तपासणी?" आशाताईंनी विचारलं.

"झालीय. पांढरं कार्ड," मी म्हटलं.

सासूला हसू आलं. "अगं, गावात तपासायला आले तेव्हा जयसिंग कुठे होता इथे? ऊस तोडायला गुजरातला गेला होता. मगननेच दिलं रक्त त्याचंही."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी विचारलं, कसं दिलं?

मगन उठून बसला. त्याला ती गंमतच वाटत होती. "भाभी, आधी माझ्या नावाने डावं बोट पुढे केलं. मग घरी आलो, भावाचा शर्ट घातला, परत रांगेत लागलो आणि उजवं बोट पुढे केलं. तपासायला आलेली माणसं बाहेरची होती, कोणाला काय ओळख?"

"का पण?"

उत्तर सासऱ्यांनी दिलं. ते झोपडीच्या सावलीत दोर वळत होते. "पोरी, तेव्हाची आशाबाई रडकुंडीला आली होती. अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं, यादी पुरी होईना, वरून तिला बोलणी बसत होती. म्हटलं, आपल्या घरातलं एक तरी नाव भरून देऊ." मग समजावल्यासारखं म्हणाले, "आणि त्यात खोटं काय? एका आईबापाचे दोन भाऊ. एका घरात वाढले, एका ताटात जेवले. रक्त काय वेगळं असणार?"

मला वाटतं मी तेव्हा उठून आत गेले. चुलीजवळ बसले. ज्या माणसांनी ते केलं त्यांच्या मनात काडीचंही पाप नव्हतं, आणि म्हणूनच मला ओरडताही येईना. पांढरं कार्ड मगनचं होतं. माझ्या नवऱ्याचं रक्त आजवर कोणी तपासलंच नव्हतं.

आशाताई आत आल्या, माझ्याजवळ बसल्या. "मॅडम, कदाचित त्यांचंही पांढरंच असेल."

"कदाचित," मी म्हटलं. त्या शब्दाचा मला तेव्हापासून राग आहे.

घाटात

दुसऱ्या दिवशी सकाळी जयसिंग मला न्यायला आला. जीपमध्ये आम्ही दोघंच होतो. अर्धा घाट उतरला. मग मी विचारलं, "तुझ्या बोटाला कधी सुई टोचली होती?"

त्याने गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. बराच वेळ स्टिअरिंगवरचं रबर नखाने खरडत बसला.

"नाही," म्हणाला.

"म्हणजे तुला माहीत होतं."

"कार्ड घरात पडलेलं होतं. मी परत आलो तेव्हा आईने दिलं, म्हणाली तुझं झालंय, मगनने रक्त दिलं. मी कधी विचार केला नव्हता. तू बॉनेटवर तो चौकोन काढलास तेव्हा पहिल्यांदा कळलं की हे कार्ड माझं नाही."

"आणि तू बोलला नाहीस."

"तपासून पिवळं आलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं. मी नसतेच म्हणाले.

मी त्याला जे बोलायचं ते सगळं बोलले. फार वाईट बोलले, ते लिहीत नाही. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मला वाटलं मगनचं पांढरं आहे तर माझंही असेलच. खरं म्हणजे मला तसं वाटायला हवं होतं." मग रडला. मला त्याच्या रडण्याची दया आली नाही. गाडी चालव, म्हटलं. सरळ दवाखान्यात चल.

जीव टांगणीला

रनाळ्याच्या सिस्टर तोवर बदली होऊन तळोद्याला आल्या होत्या. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी एकदा जयसिंगकडे बघितलं आणि काही न बोलता त्याचा हात ओढून घेतला. थेंब नळीत पडला. मी नळीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि बघत होते.

पाणी गढूळ झालं.

वाहक असला तरी ते गढूळ होतं, आजार असला तरी होतं. जयसिंग धडधाकट, म्हणजे वाहकच. हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी पक्क्या तपासणीचा कागद येईपर्यंत मी रोज सिस्टरना फोन करायचे. त्या वैतागून म्हणाल्या, "तू मास्तरीन शे ना? मंग इतली काबं घाबरस?" मास्तरीण आहे म्हणूनच घाबरते, मी म्हटलं. ज्याला माहीत नसतं तो देवावर टाकून झोपतो. मला चौकोन दिसत होता. चार घरं. दोन घरांत वाहक, दोन घरांत आजार. अर्धं-अर्धं.

कागद आला. पिवळं कार्ड.

सासरे स्वतः डोंगरातून खाली दवाखान्यात आले होते. त्यांना मी तेच सांगितलं जे मला तेराव्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं होतं, दाण्यांचं. ते शेतकरी माणूस, लगेच कळलं त्यांना. म्हणाले, "एका कणसातले सगळे दाणे एकसारखे नसतात, हे मला माहीत होतं. माणसाचं माहीत नव्हतं." मग उठून आत गेले आणि सिस्टरपुढे स्वतःचं बोट धरलं. त्यांचंही पिवळं निघालं.

डॉक्टरांनी सांगितलं, पोटातल्या बाळाची तपासणी होते. पोटातलं पाणी काढून. मोठ्या शहरात जावं लागेल, आणि मूल ठेवायचं की नाही ते ठरवायला दिवस थोडे आहेत. त्यांनी कसलाही आग्रह केला नाही.

आठ दिवस आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोललो. जयसिंग म्हणाला, तू म्हणशील तसं. मला त्याचा आणखीच संताप आला, निर्णयही माझ्याच गळ्यात. मी बॅग भरली होती. मग एका दुपारी वर्गात पोरांच्या वह्या तपासताना माझ्या मनात आलं की तपासणीत लाल निघालं तर मी काय करणार आहे? मूल नको म्हणणार. का, तर ते माझ्यासारखं असेल म्हणून. मी सत्तावीस वर्षं जगले, शिकले, पोरांना ओरडते, भांडते, नाचते. माझ्यासारखं असणं इतकं वाईट आहे का? त्याच दमात आठवलं, वॉर्डात मी आईला म्हटलं होतं, मला का जन्माला घातलंस. दोन्ही खरं होतं.

आम्ही गेलो नाही. मी बरोबर केलं असं मी कोणाला सांगणार नाही. जी बाई जाते तिचंही मला पटतं. मला बॅग उचलता आली नाही, एवढंच.

बाळंतपण

पुढचे महिने कसे गेले ते वहीत आहे, पण वही मी उघडत नाही. दोनदा भरती झाले, तीनदा रक्त चढलं. त्यातलं एकदा मगनचं होतं. सुई टोचून घेताना तो म्हणाला, "भाभी, या वेळी माझ्याच नावाने देतोय." मी हसले. त्याच्यावर राग धरून ठेवणं कोणालाच जमत नाही.

नंदुरबारला ऑपरेशन करून मुलगी झाली. दोन किलोच्या आसपास, काळ्या केसांची, आवाज मात्र खणखणीत. माझ्या याहाने तिला घेतलं आणि पहिल्यांदा तिच्या डोळ्यांच्या पांढऱ्या भागात बघितलं. मीही तेच बघत होते. नवजात बाळ थोडं पिवळं असतंच असं सगळे सांगत होते आणि आम्ही दोघी मायलेकी ऐकून घेत होतो. टाचेतून रक्त घेतलं. कागद यायला वेळ लागेल म्हणाले.

ते आठवडे मी सांगू शकत नाही. बाळ दूध प्यायचं, झोपायचं, मुठी आवळायचं, आणि मी तिच्या बोटांची मापं घेत बसायचे. ती हसली की मला वाटायचं वाहक आहे. रडली की वाटायचं आजार आहे. नाव ठेवायला मी देत नव्हते. सासू म्हणाली, नाव ठेवल्याशिवाय पोरगी कशी हाक ऐकेल? मी म्हटलं, कागद आल्यावर.

कागद जयसिंगनेच आणला. भर दुपारी, जीपच्या फेऱ्या सोडून आला. घडी उघडली नव्हती. माझ्या हातात दिला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. मी वाचला. लाल.

तो खाली बसला आणि त्याने डोकं गुडघ्यांत घातलं. मला रडू आलं नाही. मी आईला हाक मारली आणि म्हटलं, तिचं नाव रोशनी ठेवू या. का म्हटलं ते मलाही माहीत नाही. कागद आला होता, नाव ठेवायचं होतं.

सुजलेली बोटं

गेल्या महिन्यात रोशनी सकाळपासून किरकिर करत होती. कुशीत घ्यावं तर आणखी रडे. सासू म्हणाली दात येत असतील. शेजारीण म्हणाली पोट दुखत असेल, ओवा द्या. मी तिची मूठ उघडून बघितली. बोटं सुजून टम्म झाली होती, पायांचीही. हात लावला की किंचाळायची.

मी मान वर केली तर जयसिंग दारात उभा होता. त्याच्या जीपमध्ये धडगावची सवारी भरलेली होती, आठ-दहा माणसं, टपावर पोती. त्याने काय झालं, खरंच का, थोडं थांबू या का, यातलं काहीही विचारलं नाही. बाहेर गेला आणि सगळ्यांना खाली उतरवलं. एक जण कुरकुरला तेव्हा म्हणाला, "माझ्या पोरीला दुखतंय." मी बाळाला घोंगडीत गुंडाळून पुढच्या सीटवर बसले आणि आम्ही वीस मिनिटांत दवाखान्यात होतो. सलाइन लागलं, औषध मिळालं, दुपारपर्यंत ती दमून झोपली. तिला कोणी नाटकी म्हटलं नाही. तिच्या बाबतीत मी इतकंच करू शकते आणि तेवढं रोज करते.

मी नवऱ्याला माफ केलं का, असं माझी आई अधूनमधून विचारते. बॉनेटजवळ त्याने खरं सांगितलं असतं तर मी जीप बदलली असती, माणूसही बदलला असता. माझी मुलं ठणठणीत झाली असती. पण ती दुसरी कोणी असती, आणि ही, जी आत्ता माझ्या ओढणीचं टोक चोखतेय आणि मला लिहू देत नाहीये, ही नसती. मला ती निरोगी मुलं नको आहेत, मला ही हवी आहे. आणि हिला दुखलं की मला तिच्या बापाचा जीव घ्यावासा वाटतो. दोन्ही एकाच दिवसात, कधी एकाच तासात.

मुलींनो, तुम्ही विचारलं होतं म्हणून सांगते. लग्न होतं, मूलही होतं. ज्याच्याशी करायचं त्याला हात धरून दवाखान्यात न्या, शेजारी उभ्या राहा आणि सुई त्याच्याच बोटात जाताना स्वतः बघा. मग पिवळं निघालं तरी करायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. ते मला आजही तुमच्यासाठी ठरवता येत नाही.